अप्पांनी झाकलेला कोल्हा

प्रिय अप्पा,

आज पुण्याहून एक गृहस्थ तुमची इंग्रजी पुस्तकं बघायला आले होते. जाताना जे सांगून गेले, ते ऐकल्यापासून मला काही सुचत नाही. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, पण या पुस्तकांबद्दल विचारायला दुसरं आहे कोण? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

मुरुमसारख्या गावात तुरीची आडत चालवणाऱ्या माणसानं हा असला नाद का लावून घ्यावा, हे कोडं तुमच्या लेकीला अजून सुटलेलं नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या साहेबांच्या कोल्ह्याच्या शिकारीवरच्या विनोदी कादंबऱ्या! त्याही चित्रांच्या, आणि चित्रंही हातानं रंगवलेली! डाळमिलच्या कामाला हैदराबादला गेलात की रविवारी तुम्ही तिथल्या फुटपाथवर उकिडवे बसून पुस्तकं उपसायचात. पहिल्या पुस्तकात लाल कोटातला एक ढेरपोट्या साहेब पाय वर करून चिखलात पडला होता आणि घोडा त्याच्याकडं बघत उभा होता. तुम्ही म्हणे तिथंच इतकं हसलात, की पुस्तकवाल्यानं तुमच्यासाठी चहा मागवला.

मग दर खेपेला एखादं यायचं. कुणाच्या बंगल्यातलं, कुठल्या मोडीत निघालेल्या क्लबाचा शिक्का असलेलं. एकाच कादंबरीच्या दोन-दोन आवृत्त्या कशाला, असं मी विचारलं की तुम्ही दोन्हीतली चित्रं शेजारी ठेवायचात. "ह्या लाल रंगात आन् त्या लाल रंगात लई फरक हाय. नीट बघ की!" मला कधीच काही फरक दिसला नाही.

अव्वा तर पहिल्याच दिवशी भडकली होती. "गळ्यात लिंग हाय आन् घरात शिकारीची पुस्तकं आनता व्हय?"

आणि तुम्ही काय थाप मारलीत! "अगं, ह्यात कोल्हा कधी मरतच न्हाय. नुसती मानसं पडत्यात."

त्या एका थापेवर तुम्ही अख्खा संसार निभावून नेलात, अप्पा. दुकान बंद करून यायचं, हातपाय धुऊन विभूती लावायची आणि अव्वाच्या पुढ्यात पुस्तक उघडायचं. तुमच्या गोष्टीत साहेबाचा उमरग्याचा शेटजी व्हायचा. तो आळंद रोडच्या ओढ्यात धपकन पडायचा आणि कोल्हा पलीकडच्या काठावर बसून त्याची मजा बघायचा. अर्धी गोष्ट मराठीत, अर्धी कन्नडमध्ये. अव्वा तोंडाला पदर लावून हसायची. मीसुद्धा हसायची, कॉलेजात गेले तरी.

तुम्ही गेलात आणि मी बदली मागून इथल्या शाळेत आले. अव्वा एकटी कशी राहणार? आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं कपाटातलं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "सांग," म्हणाली. मी इंग्रजीची शिक्षिका, मला वाटलं, त्यात काय अवघड! अहो, ते इंग्रजी आहे की काय आहे? त्यातले घोडे सांभाळणारे मोतद्दार जे बोलतात, त्यातले निम्मे शब्द डिक्शनरीत सापडत नाहीत. तरी नेटानं वाचत गेले.

आणि कोल्हा मरतो की हो, अप्पा! कुत्री त्याला फाडतात आणि त्याचं शेपूट कापून कुणा पाहुण्या बाईला मानानं देतात. मी वाचता वाचता त्याच ओघात अव्वाला सांगूनही टाकलं. तिचा चेहरा उतरला.

"असं न्हाय त्ये. अप्पा सांगायचे तसं सांग."

तसं मला येत नाही हो! मी कोल्ह्याला वाचवायला जाते आणि माझी गोष्ट तिथंच अडकून पडते. अव्वा थोडा वेळ वाट बघते आणि मग आपणच पुस्तक मिटून ठेवते. हे तुमच्याकडून शिकून घ्यायचं मला कधी सुचलं कसं नाही?

मागच्या महिन्यात कपाटाच्या खालच्या फळीवर पिवळसर भुगा दिसला. कसर लागली होती. मी घाबरून मैत्रिणीला फोटो पाठवले, तिनं ते पुण्याच्या या गृहस्थांना दाखवले. ते एका ग्रंथालयात जुन्या पुस्तकांचं काम बघतात. आज त्यांनी एकेक पुस्तक उघडून पानन्‌पान बघितलं. मग म्हणाले, "ताई, संग्रह फार सुंदर आहे. पण कीड कुठून सुरू झाली, बघा."

काही पुस्तकांत एखाद्या पानावर खाकी कागद चिकटवलेला आहे ना, तिथून. लहानपणी मी विचारलं होतं, तेव्हा "ह्ये पान तसंच आलंय" म्हणून तुम्ही मला वाटेला लावलं होतं. त्यांनी पानामागं मोबाईलचा उजेड धरला. आत चित्र होतं. कुत्री, आणि मधे कोल्हा. दुसऱ्या पुस्तकातही तेच, तिसऱ्यातही तेच.

मैद्याची खळ, अप्पा! गोदामात एका पोत्याला कीड लागली तर तुम्हाला जेवण गोड लागायचं नाही. ज्वारीत घालतात तसा कडुलिंबाचा पाला तुम्ही या कपाटातही घालायचात. आणि त्याच पुस्तकांत स्वतःच्या हातानं मैदा भरून ठेवलात? एवढं कसं कळलं नाही तुम्हाला!

गृहस्थ म्हणाले, चांगली पुस्तकं ते आनंदानं नेतील. सगळी एकत्र ठेवतील, लोकांना बघायला मिळतील. पण खळ लावलेली तशीच घेता येणार नाहीत. कागद ओलवून सोडवायचे, खळ धुऊन काढायची, तरच ती टिकतील. नाहीतर एक-दोन पावसाळ्यांत त्यांचा भुगा होईल. आणि अप्पा, तुमच्या कपाटातली सगळ्यात देखणी पुस्तकं नेमकी तीच आहेत.

ते गेल्यावर मी भीत भीत अव्वाला सांगितलं, की अप्पांनी काही चित्रं झाकून ठेवली होती.

"मला काय सांगतीस? खळ म्याच शिजवून दिली की."

"मग चित्रं बघितलीस तू?"

"न्हाय. ह्ये तू बघू नको म्हनले. मी तोंड फिरवून बसले. पर शिकारीत काय व्हतंय, त्ये कळायला इंग्रजी कशाला लागतंय?"

"अगं, मग इतकी वर्षं ऐकत कशी राहिलीस?"

"त्ये रोज जीव लावून कोल्ह्याला वाचवायचे. म्या कशाला मारू?"

मग तीच पुढं म्हणाली, "बाकीची न्हेऊ दे. झाकल्याली ऱ्हाऊ देत. त्यास्नी हात लावायचा न्हाय."

मी परोपरीनं समजावलं. भुगा होईल म्हटलं, काही उरणार नाही म्हटलं. "व्हऊ दे," एवढंच बोलली आणि उठून आत गेली.

गृहस्थांना फोन केला. "जशी तुमची इच्छा," म्हणाले, पण त्यांच्या आवाजातली हळहळ मला कळली. त्यांचं खरं आहे. अव्वाचंही खरं आहे. मी दोघांच्या मधे उभी आहे, आणि मला काही म्हणजे काही करता येत नाही. तुम्ही असतात तर काहीतरी तिसरंच काढलं असतंत.

एक वचन मात्र देते, अप्पा. अव्वा आहे तोवर त्या कागदांना पाणी लागू देणार नाही. पुस्तकं वाचवीन, असं वचन मला देता येत नाही. ती माझ्या डोळ्यांदेखत भुगा होऊन जातील, आणि रोज संध्याकाळी त्यातलंच एक मी अव्वाच्या पुढ्यात ठेवीन.

तुमची,
शैला