भोपळ्याचा पहिला काप

३१ ऑक्टोबर, फ्रँकफर्ट

हॅलोविनला शेजारची मुलं आणि त्यांचे आईबाप आले होते. मी भोपळा कोरायला घेतला, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, अख्खा भोपळा बायकांनी चिरू नये. पहिला काप निखिलला घालू दे." काय म्हणतात त्या, सगळे विचारायला लागले. मला लाजच वाटली. जर्मनमध्ये सांगून टाकलं, त्यांना भुतांची भीती वाटते. सगळे हसले. त्याही हसल्या. मग मी बाल्कनीत उभ्या नवऱ्याला, निखिलला, आत बोलावून सुरी त्याच्या हातात दिली.

खरं सांगायला काय झालं होतं मला?

शेजारची छोटी लेना शेवटपर्यंत सासूबाईंचा हात धरून बसली. घाबरू नका म्हणत होती, जर्मनमध्ये.

आत्ता भांडी पुसताना म्हणाल्या, "आपली पद्धत किती छान समजावलीस गं. त्या पोरीने तर माझा हातच सोडला नाही."