मिटलेला डावा डोळा

रत्नागिरी, शनिवार, पौष, शके १८५६

खांदा ठणकतोय, पण तेल चोळून घेणार नाही. ठणकू दे!

मिरजोळ्याच्या सड्यावर एक पेन्शनर सुभेदार आज आणि उद्या रायफल चालवायला शिकवताहेत. हे, ह्यांचे दोन मित्र, मी, आणि दडप्या पोह्यांचा डबा घेऊन सासूबाई, असे सगळे गेलो होतो. सुभेदार मला म्हणाले, "बाईसाहेब, डावा डोळा मिटा, श्वास धरा, मग चाप ओढा." तसंच केलं. तिसरी गोळी लागली आणि समोरचा पत्रा खणकन वाजला! मित्रांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनीसुद्धा.

आणि सासूबाई? "अगो, परपुरुषांच्या देखत डोळा मिटतेस? डोळा मारल्यासारखं दिसतं ते!"

म्हणजे बंदुकीचं काही नाही, डोळ्याचं! मी काय पत्र्याला डोळा मारत होते?

पण खरं लागलं ते पुढचं. टाळ्या वाजवणारे हेच परतताना बैलगाडीत हळूच म्हणाले, "आईचं मन मोडू नकोस. उद्या तू तिच्याजवळ बसून राहा."

तेव्हा गप्प बसले. का बसले? सवय, दुसरं काय.

नाही बसणार. उद्या पहिली गोळी माझी, आणि डावा डोळा मिटणार तो सासूबाईंच्या देखतच. लग्न झाल्यापासून दोन्ही डोळे मिटून वावरले, तेव्हा नाही कुणाची अब्रू गेली.