घोट्याचा घरगुती पट्टा

३ मार्च, सोमवार
डाव्या तळव्याला मुंग्या. घोट्याच्या आतल्या बाजूने निघतात आणि थेट अंगठ्यापर्यंत जातात. कारण उघड आहे: या घरात राबणारी एकटी मी. यांना सांगितलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, की टाचांवर बसून इतका वेळ प्रार्थना करू नकोस, खुर्ची घे. देवापुढे खुर्ची. उद्या म्हणतील, उशी घे, पंखा लाव.

२३ तारखेला आमच्या प्रार्थना मंडळाची टेकडीवरच्या देवळापर्यंत पायी फेरी. दर वर्षी सगळ्यांच्या पुढे मी. ओळ मी म्हणायची, बाकीच्या बायकांनी मागून म्हणायची. तोवर पाय ताळ्यावर येईलच. माझाच पाय आहे.

४ मार्च, मंगळवार
धाकटी जाऊ आली होती. मी मुळीच लंगडत नव्हते, तरी तिने ओळखलं. तिलाही म्हणे मागच्या वर्षी हेच झालं होतं, घोट्यात नस दबली होती. मग डॉक्टर, व्यायाम, जाड तळव्याचे बूट, असा सगळा थाट करून बाईसाहेब बऱ्या झाल्या. ते बूट म्हणजे पायात दोन डबे. जाताना हळूच म्हणाली, ताई, या वर्षी हवं तर मी चालेन पुढे. आजार माझ्या पायात आणि डोळा हिचा माझ्या जागेवर. बरं, गळ्यात सूर असता तर गोष्ट वेगळी.

६ मार्च, गुरुवार
उपाय सापडला. पायाला आधार हवा, एवढं कळायला मॅट्रिक पुष्कळ झालं. केमिस्टकडचा पट्टा पाहिला. महाग, आणि वर पांढरा, म्हणजे रोज धुवा. यांच्या पायजम्याचं इलॅस्टिक उसवून काढलं, घोट्याभोवती वेढे दिले आणि गाठ आतल्या हाडामागे मारली, दुखतं नेमकं तिथेच. वरून मोजा. दिसतही नाही. पायजम्याला सेफ्टीपिन लावून ठेवली आहे. यांना काय कळतंय.

८ मार्च, शनिवार
मुंग्या वाढल्या. म्हणजे आधार कमी पडतोय. एक वेढा वाढवला.

हे घरभर एका हाताने पायजमा सावरत फिरताहेत. विचारतात, इलॅस्टिक गेलं कुठे. माणसाने कमरेचे इतके लाड करू नयेत.

११ मार्च, मंगळवार
सूनबाईच्या हट्टापायी डॉक्टर. निघताना पट्टा काढून ठेवला. त्याला पायजम्याचं रेघारेघांचं कापड चिकटलेलं, परक्या माणसाला ते काय दाखवायचं.

डॉक्टर म्हणजे कालपरवा मिसरूड फुटलेला. हाडामागे बोटाने टकटक केली, तसा अंगठ्यापर्यंत करंट गेला. मी हूं की चूं केलं नाही. मग कागदावर चित्र काढून शिकवणी. घोट्यात एक अरुंद बोळ असतो म्हणे, त्यातून नस जाते, बोळात दाटी झाली की ती चेपते. टाचांवर बसू नका, झिजलेल्या चपला फेकून द्या, व्यायाम करा, घोट्यावर कशाचाही दाब नको. एवढं करून थांबलं नाही तर इंजेक्शन, आणि अगदीच काही चाललं नाही तर ऑपरेशन. माझ्या चपला अजून तीन वर्षं जातील, याला फेकायला काय होतंय. शेवटी विचारलं, घोट्याला काही बांधता का. मी म्हटलं, नाही. त्या वेळी बांधलेलं नव्हतंच. खोटं बोलायची मला सवय नाही.

नवल म्हणजे तिथे बसल्या बसल्या मुंग्या कमी झाल्या. आजारसुद्धा नाटकी असतात. घरी येऊन पट्टा बांधला, की पुन्हा सुरू. फी हिशोबाच्या वहीत ‘वायफळ’ खाली मांडली.

१५ मार्च, शनिवार
व्यायाम शिकवणारी बाई. पट्टा पर्समध्ये. पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढा म्हणाली. मी शिकलेली आहे, अक्षरं हाताने काढते. घोट्याभोवतीचा वळ बघून विचारलं, हा कसला. मी म्हटलं, मोज्याचा. सूनबाई वाटभर माझ्या मोज्यांकडे बघत होती. हिला सगळ्यात नाक खुपसायला हवं.

प्रार्थना टाचांवरच. गाठीवर बसलं की आधार जास्त नीट लागतो.

१९ मार्च, बुधवार
पाय बरा. तळवा दुखत नाही, मुंग्या नाहीत, काहीच नाही. टाचणी टोचून पाहिली, पत्ता लागला नाही. याला म्हणतात गुण. जाऊला मुद्दाम फोन करून कळवलं, की पुढे मीच असणार. आनंद व्हायचा सोडून विचारते, ताई, पाय बधिर तर नाही ना झाला. मत्सराला औषध नाही.

फेरीच्या दिवशी पट्टा आणखी एक वेढा आवळायचा.

२३ मार्च, रविवार
निघालो. मी पुढे, आवाज छान लागलेला. चौक ओलांडल्यावर मागून ओळी येईनाशा झाल्या. दमल्या असतील, सगळ्या बोलघेवड्या, चालायची वेळ आली की धाप. मी माझी ओळ म्हणून त्यांचीही म्हणू लागले. चढाशी आल्यावर जाऊने धावत येऊन खांदा धरला. तिच्या हातात माझी डावी चप्पल. पेट्रोल पंपापाशी निसटली होती म्हणे, आणि तेव्हापासून सगळ्याजणी हाका मारत होत्या. मला पत्ताच नाही. मोजा फाटून अंगठा बाहेर.

तिने मला कठड्यावर बसवलं आणि विचारायच्या आत मोजा उतरवला. रेघारेघांचा पट्टा साऱ्या मंडळाने पाहिला. हे पाण्याची बाटली घेऊन मागून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, अगं, हा तर माझा पायजमा. जन्मात यांना एक वस्तू चटकन सापडली ती ही.

जाऊने केसातली पिन घालून गाठ सोडवली. तळव्यात हळूहळू जीव आला, इतका आला की माझ्या तोंडून किंकाळी निघाली. तिने स्वतःचे बूट माझ्या पायात चढवले, माझ्या झिजलेल्या चपला घातल्या आणि मंडळ घेऊन टेकडी चढली. मी यांच्याजवळ कठड्यावर बसून ऐकत राहिले. वर पोचेपर्यंत तिचा सूर बरा वाटायला लागला. लांबून कुणाचाही बरा वाटतो.

२७ मार्च, गुरुवार
पाय पुष्कळ सुधारला. टेकडी न चढताही देव पावला. डॉक्टर पट्टा हातात घेऊन बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. आपलं चुकलं, हे कळलं असावं.

मंडळाने ठरवलं, की यापुढे धाकटी जाऊ पुढे आणि मी सगळ्यांच्या मागे. योग्यच आहे. कुणाचं काय पडलं ते उचलायला मागे जबाबदार माणूस लागतं. बूट तिने परत मागितले नाहीत, मीही विषय काढला नाही. प्रार्थनेला तूर्त खुर्ची घेते. देव जरा नीट दिसतो.

इलॅस्टिक धुतलं, सैल पडलेला भाग कापून टाकला आणि उरलेलं यांच्या पायजम्यात ओवलं. सकाळपासून म्हणताहेत, कमरेला मुंग्या येतात. म्हटलं, धीर धरा. आधार बसायला वेळ लागतो.