उताऱ्यात नसलेलं

गुरुजी, आसेगावच्या शाळेत तुम्ही मला उभं केलंत तो दिवस आज सकाळपासून मनातून जात नाही. सातवीची परीक्षा जवळ आली होती. मुलांच्या त्या शाळेत मुलगी मी एकटीच. तुम्ही उतारा वाचलात: एक बाई संध्याकाळी दोन ताटं वाढते, एक जेवते, दुसरं झाकून ठेवते. यावरून काय समजतं? मी म्हणाले, "तिचा नवरा मेला." माझे वडील नागपूरच्या गिरणीत कामाला गेले होते, दोन दिवाळ्या त्यांची काही खबर नव्हती, आणि ते वारले असं गावानं धरूनच टाकलं होतं. तुम्हाला हे ठाऊक होतं. तरी तुम्ही विचारलंत, "मेला, हे उताऱ्यात कुठी हाये?"

"नाही."

"मंग तुनं कुठून आनलं?" मी खाली बघितलं. तुम्ही आवाज उतरवलात, "त्यानं यावं असं तिले वाटून राह्यलं, येवढंच समजते. बाकीचं तू घरून आनलं, पोरी."

मी रडत घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं. चार दिवसांनी काका भावकीतली माणसं घेऊन आले. "वहिनी, किती दिस वाट पाहसान? कुंकू पुसा आता." आई कधी त्यांच्यासमोर बोलत नसे. त्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "ते गेले हे कोनी पायलं? ते आले नाही, येवढंच मले ठाव हाये." काका माणसं घेऊन परत गेले. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

मंगरूळला बैलांच्या दमणीतून जाऊन मी परीक्षा दिली, पास झाले, पुढे मास्तरीण झाले. वडील आले नाहीत. आई कुंकवासकट गेली. उतारा शिकवताना मी पोरींना नेहमी बजावत आले, लिहिलंय तेवढ्यावरूनच बोला.

हे पत्र कुठं टाकायचं, ते मला माहीत नाही. पण तुम्हाला म्हणून सांगते. माझ्या मनात वडील नागपूरला म्हातारे झाले आहेत. त्यांना दुसरा संसार आहे, अंगणात बाज टाकून ते पडतात, आणि धाकट्या लेकीला माझ्या नावानं हाक मारतात. याला कशाचाही आधार नाही, गुरुजी.