न कापलेली कड

शनिवार, दि. ९

चिमे,

पत्र आणि पुस्तक दोन्ही पोचलं. मी बरा आहे. वेळेवर जेवतो, असं आईला सांग. तुला खरं सांगतो, कधी वेळेवर, कधी नाही. बाबांना काही सांगू नकोस. त्यांनी विचारलेलंच नसेल.

दहावीतली घोडी झालीस आणि अजून गृहपाठ माझ्याकडून करून घेतेस! "कादंबरीतला मुलगा एकटा का राहतो? कारणे लिहा." कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याला असलं विचारतात होय? लिही: आई गेलेली, काका तुसडा, शाळा नवी. तीन मार्कांना एवढं पुरे.

मधल्या सुट्टीत तू हल्ली वर्गातच बसतेस म्हणालीस, त्यावर मागाहून.

माझं पुस्तक मात्र पार खिळखिळं केलंस. परवा इथे बाइंडिंगच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत शिवायला घेतलं. दाभणाने भोकं पाडली, दोरा ओवला, पाठीला खळ लावली. राहिलं कटिंग. जुनं पुस्तक नव्याने बांधलं की तीन बाजूंनी थोडं थोडं कापतात, कडा सरळ होतात. पुस्तक पात्याखाली सरकवलं आणि हात थांबला.

तू विचारलंयस ना, 'दादा, समासात पेन्सिलीचं अक्षर तुझं, मग निळ्या शाईचं कुणाचं?' कॉलेजात माझ्या वर्गातल्या एका मुलीचं, तिला वाचायला दिलं होतं. बास.

आमचे म्हातारे मिस्तरी ओरडले, "काय रे, पुस्तकाला नमस्कार करतोयस? दाब की!"

"नाही कापायचं."

"मग करवतीसारख्या कडा ठेवणार? माझ्या हाताखालून असलं पुस्तक बाहेर जात नसतं."

चिमे, मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. खळीचं भांडं लवंडलं. बोलून बोलून दमलो, तर म्हातारा खाली बसून खळ पुसत होता. म्हणाला, "ने तसंच. कुणी बांधलं विचारलं तर माझं नाव सांगू नकोस." मग मीही फडकं घेऊन बसलो.

ऐंशीवं पान आठवतं? शेजारची मुलगी त्याला खेळायला बोलावते, तो नाही म्हणतो आणि खिडकीमागे उभा राहतो. मी लिहिलंय, 'याला कुणी समजूनच घेत नाही.' त्याखाली, अगदी कडेला, जिथे पातं पडलं असतं तिथे, निळ्या शाईत: 'कसं घेणार? कडी यानेच आतून लावलीय. आणि उभा आहे ती पुन्हा हाक मारेल म्हणून.'

ती त्या मुलाबद्दल लिहीत होती. मला ते माझ्याबद्दल वाटलं. भर कँटीनमध्ये तिला वाटेल ते बोललो. तरी दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "चहा घेतोस?" मी नाही म्हटलं आणि जिन्याखाली उभा राहिलो, पुन्हा विचारेल म्हणून. ती तासाला निघून गेली. दीड वर्ष झालं; अजून तिचं अक्षर दिसलं की मी पान उलटतो.

कॉलेज त्यामुळेच सुटलं. घरी सांगितलं, सर मुद्दाम कमी मार्क देतात. बाबा म्हणाले, "जायचं तर जा." स्टँडवर दोन गाड्या सोडल्या मी, ते मागून येतील म्हणून. तिसरीत बसलो.

तर वरची तिन्ही कारणं खोड. लिही: त्याला दोनदा बोलावलेलं हवं असतं, आणि लोक एकदाच बोलावतात. त्यांनाही त्यांची कामं असतात. बाई मार्क कापतील. कापू देत.

तू लिहिलंस, मैत्रिणी हाक मारतात तरी तू उठत नाहीस, आणि तो मुलगा तुला फार आवडतो. ते वाचून मला धस्स झालं. नाहीतर हे सगळं मी कुणालाच सांगितलं नसतं. आता त्यांनी बोलावलं की पहिल्या हाकेला ऊठ. डबा उघडा असला तरी ऊठ.

पुस्तक पोस्टाने पाठवत नाही. कडा वेड्यावाकड्या आहेत, चुरगळतील. पुढच्या रविवारी घेऊन येतो. बाबांना विचारू नकोस, येऊ दे का म्हणून.

कुणी न बोलावता येणारा,
तुझा दादा