मागे राहिलेले हात

४ नोव्हेंबर

“कॅमेऱ्याला घाई नसते, म्हणून त्याला दिसतं.” — मला हे काम शिकवणारे म्हातारे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते. तेव्हा हसू आलं होतं. सेकंदाला हजारो चित्रं घेणारं यंत्र, आणि म्हणे घाई नाही!

आज नव्या तोफेची चाचणी. कॅमेऱ्याच्या बारीक फटीमागून फिल्म गोळ्याच्या वेगाला वेग जुळवून पळवली. धुऊन उजेडाला धरली — मागचं सगळं नुसते फराटे, आणि मधोमध गोळा! स्तब्ध. त्याच्यावरची खडूची खूणसुद्धा वाचता येते. इतकी वर्षं झाली, अजून अंगावर काटा येतो.

५ नोव्हेंबर

दुसरा कॅमेरा नळीवर. धक्क्यानं ती मागे किती येते, ते तिच्यावर रंगवलेल्या पट्ट्यांवरून मोजायचं. एवढं थोरलं लोखंड मांजरासारखं मागे सरतं आणि गुपचूप जागेवर जाऊन बसतं. बघतच राहिले!

धाकटा भाऊ त्याच तोफेवर आहे. जेवताना म्हणाला, “ताई, फिल्मवर मी कसा दिसतो गं?”

“आधी पोट दिसतं, मग तू,” ओट्याकडे तोंड करूनच मी म्हटलं. हसला नाही. वळून पुन्हा सांगितलं, तेव्हा खो खो हसला.

६ नोव्हेंबर

पट्टे मोजायचे सोडून फिल्मवरची माणसंच बघत बसले. बार उडण्याआधी “कान!” असा हुकूम होतो. सगळ्यांचे हात एकदम कानांवर. भावाचे नाहीत. तो शेजाऱ्याकडे बघतो, मग त्याचे उठतात. प्रत्येक बाराला तेच.

त्याला ऐकू येत नाही!

७ नोव्हेंबर

पाठीमागून हाक मारली. एकदा, दोनदा. ढिम्म. मग समोर जाऊन उभी राहिले. “कधीपासून?”

“होईल वर्ष. ओठ वाचतो की! कुणाला कळलंय?”

“आणि नळी मागे येताना कुणी ‘बाजूला हो’ म्हणून ओरडलं तर? चिरडून जाशील, बाळा.”

“तोफेवरून काढलं तर मी उरतो कुठे? सांगू नकोस. माझी शपथ आहे तुला.”

८ नोव्हेंबर

चाचणीच्या साहेबांना ती फिल्म दाखवली.

९ नोव्हेंबर

त्याला तोफेवरून काढलं. घरी आला तो सरळ खोलीत. मी समोर गेले की डोळे मिटून घेतो — मग माझं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या उशाशी ठेवलंय — एकदा माझ्याकडे बघ.

माहीत आहे, नाही बघणार.