तुमचं कापलेलं बोलणं

बाबा, तुमची फिल्म अजून चालते. तुमची म्हणजे माझीच, मी बनवलेली, पण लोक तिला त्या रडणाऱ्या म्हाताऱ्याची फिल्म म्हणूनच ओळखतात. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुम्ही अजून गावोगाव फिरता आहात. गेल्या महिन्यात दिल्लीत होतात. हवामान बदलावरचा तीन दिवसांचा कार्यक्रम होता, हॉलमध्ये एसी इतका गार की बाहेर चाळीस डिग्रीत घामाघूम होऊन आलेल्या बायका आत शाली पांघरून बसल्या होत्या. गोष्ट सांगून माणसांना कामाला कसं लावावं, हा विषय. मी त्यातली जाणकार समजले जाते. हसू नका. फिल्म अठरा मिनिटांची आहे, बाराव्या मिनिटाला तुम्ही रडता, आणि तेव्हा मी पडद्याकडे बघत नाही, लोकांकडे बघते. नाकं ओढल्याचे आवाज येतात. नंतर एका मुलीने उभं राहून विचारलं, या फिल्ममुळे प्रत्यक्षात काय बदललं? मी म्हटलं, दोन वर्षांत आमच्या गावाला समुद्राच्या बाजूने दगडी बंधारा मिळाला. टाळ्या झाल्या. मी मान झुकवली.

त्या टाळ्यांनंतर मला जेवण गेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. तुमच्याशी बोलायचं राहिलंय असं लोक म्हणतात तसलं हळवं काही नाही. आपलं बोलणं झालं होतं. तुम्ही बोलला होतात, स्वच्छ बोलला होतात, आणि मी ते कापलं.

फिल्म करायला मी आले तेव्हा आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आईच्या मागोमाग तिची तुळसही दर्यात गेली होती. त्या पावसात लाटा परसात शिरल्या, सहा माड आडवे केले आणि वृंदावनाच्या बुडची वाळू काढून नेली. मी मुंबईतून कॅमेरा, एक पुण्याचा कॅमेरामन आणि डोक्यात भरपूर शहाणपण घेऊन उतरले. फिल्म शिकवणाऱ्यांनी मला पढवून पाठवलं होतं की आकडे सांगून कुणी हलत नाही, एक माणूस दाखवा. मग मी सोपा माणूस निवडला, घरचाच. तुम्ही आठ दिवस आमच्यासाठी पेज रांधलीत, सुकट भाजलीत, आणि कॅमेरामन तिखट खात नाही म्हणून त्याच्यासाठी वेगळी सोलकढी केलीत. मी तुम्हाला सांगत होते, बाबा, परत एकदा चला, परत एकदा दर्याकडे बघा, आता लुंगी बदला, कालच्यासारखी दिसली पाहिजे. तुम्ही मुकाट्याने लुंगी बदलत होतात.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी रापण लागली. होडीने समुद्रात अर्धा फेर मारून जाळं सोडलेलं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर, आणि चाळीसेक माणसं वाळूत टाचा रोवून ते ओढताहेत. तुम्ही सत्तरीचे, तरी दोरावर सगळ्यांच्या पुढे. जाळं जड यायला लागलं तसा आमचा कॅमेरामन चेकाळला. कॅमेरा माझ्या हातात देऊन धावत गेला आणि दोराला लोंबकळला. मी शूटिंग करत राहिले, फार छान उजेड होता. मासळी आली, बांगडा भरपूर होता, वाटे पडले. दोराला ज्याचा हात लागला तो वाटेकरी, मग तो गावचा असो नाहीतर वाटेने जाणारा पाहुणा. तुम्ही कॅमेरामनकडे बोट दाखवलंत. "ह्येंका वाटो दिया रे, ह्येंनी ओढल्यानी." त्याने शर्टाच्या ओच्यात बांगडे घेतले. मी गमतीने म्हटलं, बाबा, आणि माका वाटो? तुम्ही अजिबात हसला नाहीत. "तुका वाटो कसलो? दोरयेक हात लावलस काय?" लोक हसले. मी पण हसले, पण मला झोंबलं. मी तुमच्यासाठीच तर उन्हात उभी होते असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला पडलेल्या माडावर बसवून मी बोलतं केलं. आईची तुळस गेली तो दिवस सांगा, म्हटलं. तुम्ही सांगितलात, सरळ, बाजारभाव सांगावा तसा. मी म्हटलं, आवाज नीट आला नाही, परत सांगा. परत सांगितलात. तिसऱ्यांदा मी विचारलं, आई असती तर काय म्हणाली असती? मला माहीत होतं मी काय करते आहे. तुम्ही दर्याकडे तोंड फिरवलंत, आणि रडलात. आईच्या मयताला रडला नव्हतात. कॅमेरामनने खाली बघितलं, मी नाही बघितलं. मग तुम्ही लुंगीच्या सोग्याने तोंड पुसलंत, आणि मी काहीही विचारलेलं नसताना कॅमेऱ्याकडे वळून बोलायला लागलात. सरकारी माणसासमोर बोलावं तसे ताठ बसून.

"दर्या खाता, ता खरा. पण दगड घालू नकात. दगड घातले काय रेव ऱ्हवाची नाय, आणि रेव नाय तर रापण खंय ओढूची? दर्या पावसात रेव व्हरता, थंडयेत परत हाडून घालता. तेका जागा होयी. आमकाच मागे सरूक जागा दिया. रस्त्याच्या पलीकडे दिया, आमी घरा हलवतो."

एवढंच. मिनिटभराचं सुद्धा नाही. समुद्र पावसात वाळू नेतो आणि थंडीत परत आणून घालतो, आज हेच मोठमोठे अभ्यासक इंग्रजीत सांगतात, पडद्यावर चित्रं लावून सांगतात, आणि मी पहिल्या रांगेत बसून वहीत उतरवून घेते.

मुंबईत फिल्म जोडायला बसलो तेव्हा आमच्या सल्लागार बाईंनी तुमचं रडणं बघून डोळे पुसले आणि पुढचं बोलणं ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाल्या, गोष्टीत मागणी एकच असावी. सगळं गाव बंधारा मागतंय, आणि हा माणूस नको म्हणतोय. बघणारा गोंधळेल, आणि गोंधळलेला माणूस काहीच करत नाही. मी वाद घालू शकले असते. मी घातला नाही, कारण मलाही तेव्हा ते रापणीचं जुनं तुणतुणं वाटलं होतं. म्हाताऱ्यांना जाळ्यापलीकडे काही दिसत नाही, असं मी त्या बाईंना म्हणाले. हे शब्द माझेच आहेत. मग तुमच्या रडण्याला लागूनच सरपंचांचं वाक्य जोडलं: आमच्या गावाला बंधारा हवा आहे. जोड इतकी बेमालूम बसली की तुमचेच अश्रू ते वाक्य बोलताहेत असं वाटतं. मला शाबासकी मिळाली.

फिल्म गावात दाखवली ती शाळेत, भर दुपारी, खिडक्यांना चटया लावून. तुम्ही पांढरा सदरा घालून आला होतात. तुम्ही पडद्यावर रडलात तेव्हा मागच्या बाकावरून तुमच्याच रापणीतला कुणीतरी बोलला, "काय मरे, आमच्या मयताक पण असोच रडशीत मां?" सगळी शाळा हसली. तुम्ही हसला नाहीत, रागावलातही नाहीत, मान पुढे काढून पडद्याकडे बघत राहिलात. मला वाटलं लाजलात. आता कळतं, तुम्ही तुमच्या बोलण्याची वाट बघत होतात. फिल्म संपली, चटया काढल्या, लोक उठले, आणि तुम्ही तसेच बसून.

घरी आलो. स्वयंपाकघरात तुम्ही चुलीपाशी बसून बांगडा भाजत होतात, मी पाटावर बसले होते, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "माझा बोलणा खंय गेला?" मी ताटं पुसायला घेतली. तुम्ही म्हणालात, "मी बरोबर बोलूक नाय काय गो?" चूक तुमचीच असणार असं धरून चालला होतात. शाळा चौथीपर्यंत झालेली, कॅमेऱ्यासमोर बोलायची सवय नाही, काहीतरी चुकलं असेल. बाबा, त्या क्षणी मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला दोन शिव्या घातल्या असत्यात आणि तिथेच सगळं निभावलं असतं. मी म्हटलं, नाही हो, तुम्ही छानच बोललात, पण त्या दिवशी वारा फार होता, वाऱ्याने आवाज खराब झाला.

तुमचा चेहरा उजळला. अजून दिसतो मला. तव्यावरचा बांगडा तसाच ठेवून उठलात, हात धुतलेत, काढून खुंटीला लावलेला पांढरा सदरा परत घातलात, केस पाण्याने बसवलेत, आणि पडवीत बाकावर जाऊन ताठ बसलात. "मगे परत बोलतंय. आज वारो नाय."

कॅमेरा माझ्या बॅगेत होता. बॅग तुमच्या पायाशी होती. मी म्हटलं, बाबा, कॅमेरा मुंबईत परत दिला. तुम्ही म्हणालात, बरा, मगे फुडल्या वेळेक हाड. आणि सदरा न काढता थोडा वेळ बसून राहिलात. आत बांगडा करपला, तोच आपण जेवलो. पुढच्या वेळेला मी कॅमेरा आणला नाही. त्याच्या पुढच्या वेळेलाही नाही. तुम्ही दोनदा विचारलंत, मग विचारायचं सोडलंत.

बंधारा आला. घाटाच्या पायथ्याच्या खाणीतून डंपर यायला लागले, काळे दगड, एकेक म्हशीएवढा. उद्घाटनाच्या भाषणात साहेब म्हणाले की गावच्या कन्येच्या फिल्मने सरकारचे डोळे उघडले. मला नारळ आणि शाल. तुम्ही मांडवात शेवटच्या खुर्चीवर होतात. पहिल्या वर्षी लोक खूश होते, घरं वाचली हे खोटं नाही. पण तिसऱ्या पावसानंतर गेलेली वाळू परत आलीच नाही. दगडांच्या पायथ्याशी भरतीला पाणी, ओहोटीला पण पाणी. जिथे चाळीस माणसं टाचा रोवत होती तिथे बोट टेकायलाही वाळू उरली नाही. रापण संघाने जाळं विकलं. कुणी मालवणात पर्यटकांच्या बोटीवर, कुणी ट्रॉलरवर, कुणी गोव्यात. आणि जिथे दगड संपले, तिथून पुढच्या वाडीवर समुद्राने सगळा राग काढला. तिथली माणसं आता म्हणतात, आमकाय दगड होये. तुम्ही तेव्हा हयात होतात, हे मला सहन होत नाही. गुडघ्यांमुळे तुम्हाला त्या दगडांवरून उतरता येत नव्हतं. आयुष्यभर पायाखाली दर्या, आणि शेवटचं वर्ष तुम्ही तो वरून, खुर्चीत बसून बघितलात. मला एकदाही काही बोलला नाहीत. बोलला असतात तर फार बरं झालं असतं, निदान मला उलट बोलता आलं असतं. मी तुमच्यावर त्याबद्दल रागावलेही आहे, खरं सांगते. एवढा समजूतदारपणा कुणी मागितला होता?

तुम्ही गेल्यावर मी ते मिनिटभराचं बोलणं शोधून काढलं. वाऱ्याचा आवाज अजिबात नाही. मागे एक कावळा ओरडतो, बाकी तुमचा शब्द न् शब्द ऐकू येतो. परत जोडायला अर्धा तास पुरेल. पण मग पुरस्काराच्या कागदांवर काय लिहायचं, माझ्याकडे फिल्म शिकणाऱ्या मुलांना वर्गात काय शिकवायचं, अमुक एक फिल्म माणसांना कामाला लावते हे कुठल्या तोंडाने सांगायचं, असं करत अकरा वर्षं गेली. माणसं कामाला लागली होती, बाबा. तेच तर झालं.

परवा शिरोड्याच्या बाजूच्या एका गावातून एका बाईंचा फोन आला. आधी ऑफिसातल्यासारखं शुद्ध बोलल्या, मग भीड चेपल्यावर आपल्या भाषेत आल्या. त्यांच्याकडे किनारा दर्यात चाललाय, अधिकारी येणार आहेत, त्या दिवशी त्यांना फिल्म दाखवायची आहे. "तुमच्या बाबांनी कसो बंधारो मागल्यानी, तसोच आमका होयो," म्हणाल्या. मी विचारलं, तुमच्याकडे अजून रापण ओढतात का? त्या म्हणाल्या, "ओढतत तर! माझो घोवच आसा रापणीत." मी म्हटलं, येते. शुक्रवारी जायचं आहे.

तिथे गेल्यावर त्यांना खरं काय ते सांगेन, असं इथे लिहायला घेतलं होतं आणि खोडलं. जमेल की नाही ठाऊक नाही, आणि तुमच्याशी एकदा खोटं बोलून झालंय.